गेटबाहेरचे दहा तास

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या ज्या कारखान्यात मी चौदा वर्षे डिस्पॅच विभागात काम केले, तिथल्या गेटच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक ट्रकसमोर चार नोंदी होत असत. गाडी गेटवर कधी लागली, आत कधी आली, भरून कधी झाली आणि बाहेर कधी पडली. यांपैकी शेवटच्या दोन नोंदींवर आमच्या कामाची परीक्षा होई, कारण भरायला वेळ लागला तर वरून विचारणा होई आणि बाहेर पडायला उशीर झाला तर माल जिथे उतरायचा त्या भिवंडीच्या गोदामातून फोन येई. पहिल्या दोन नोंदींमधल्या अंतराबद्दल मात्र कधीच कुणी विचारले नाही. गाडी सकाळी लागून रात्री आत आली, तरी ते दहा तास कुणाच्याही खात्यात जमा होत नसत. आम्ही सगळे सहजपणे म्हणत असू, की ड्रायव्हरला काय, तेवढाच आराम.

हा आराम मी एकदा जवळून पाहिला, आणि तेव्हापासून हा शब्द या संदर्भात मला उच्चारता येत नाही.

शिरपूरकडचे एक ड्रायव्हर आमच्याकडे नेहमी येत. वयाने पन्नाशीच्या पुढचे, बोलण्यात मराठी, त्यामुळे माझ्याशी घरच्यासारखे बोलत. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणे, आणि ते मला ताई म्हणत. मालकाच्या एकूण दोन गाड्या, त्यांतली एक आबांकडे. पूर्वी सोबत क्लीनर असायचा, पण भाडे परवडेना म्हणून मालकाने तो कमी केला होता. मे २०१९ मधल्या एका दुपारी बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही घ्यायची राहिली म्हणून मी स्वतःच गेटबाहेर गेले. इंदूर-पीथमपूरकडचे मे महिन्यातले दुपारचे ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना पत्र्याच्या केबिनविषयी वेगळे सांगायला नको. आबांनी खिडकीला ओले धोतर बांधले होते, ते वाळून कडक झाले होते. समोर सप्तशृंगीचा लहानसा फोटो, सीटमागच्या फळीवर चटई, चटईवर घामाचा माणसाएवढा डाग. ते झोपले असतील असे समजून मी हळूच दार वाजवले, तर ते जागेच होते, आणि मी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितले, "झोपता येत नाही ताई. रांग सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. नाही घेतली तर मागचा नंबर लावतो."

मी तिथे पाऊण तास उभी होते. तेवढ्या वेळात रांग तीनदा सरकली. प्रत्येक वेळी आबा फळीवरून उतरले, गाडी सुरू केली, वीस-पंचवीस फूट पुढे घेतली, बंद केली आणि पुन्हा फळीवर चढले. सकाळी अकराला गाडी लागली होती. रात्री नऊला ती आत आली. या दहा तासांत ते कितीदा उतरले आणि चढले असतील याचा हिशेब मी नंतर करून पाहिला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

त्या दिवशी आबा पहाटे पाचला उठले होते, कारण देवासला माल उतरवून रिकामी गाडी आमच्याकडे आणायची होती. रात्री साडेदहाला सोळा टन सुटे भाग भरून, ताडपत्री आवळून, रस्सा बांधून ते निघाले. भिवंडीच्या गोदामाने दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत गाडी लागली पाहिजे असे कळवले होते, आणि ती वेळ मीच कागदावर लिहून त्यांच्या हाती दिली होती. पीथमपूर ते भिवंडी हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. भरलेली गाडी, वाटेत मानपूरच्या पुढचा उतार, बिजासन घाट, चांदवडजवळचा राहूड घाट आणि शेवटी कसारा. सगळे धरून ताशी चाळीसची सरासरी मिळाली तरी पावणेचौदा तास नुसते चाक फिरते ठेवावे लागते. हातात होते साडेपंधरा. म्हणजे जेवण, चहा, टोल, शौच, टायर तपासणे आणि झोप या सगळ्यांसाठी मिळून पावणेदोन तास उरत होते. ही वजाबाकी तिसरीतले मूलही करील, पण ती मी तोवर एकदाही केली नव्हती, कारण माझ्या रकान्यात फक्त पोहोचण्याची वेळ होती.

रात्री पाऊणच्या सुमारास मी घरून फोन केला. तो माझा रोजचा नेम होता. लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत उभी राहून, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हलक्या आवाजात मी प्रत्येक गाडीची चौकशी करत असे. आबा म्हणाले, "खलघाट आला ताई. डोळ्यांवर जरा झापड येतेय, सेंधव्याला अर्धा तास पडतो." मी म्हणाले, "पडा की. पण दोनच्या आत भिवंडी व्हायलाच हवी हो आबा, नाहीतर गाडी उद्यावर जाईल." ते म्हणाले, "होईल ताई." माझ्या वाक्यातला पहिला भाग त्यांनी सोडून दिला आणि दुसरा धरला. सेंधव्याला ते दहा मिनिटे थांबले, चहा घेतला, तोंडावर पाणी मारले आणि निघाले.

घाटात झोप लागत नाही, असे अनुभवी ड्रायव्हर सांगतात, आणि ते खरे आहे. वळणे, गिअर, ब्रेकचा वास, समोरून येणारे दिवे, यांनी माणूस जागा राहतो. धोका असतो तो घाट संपल्यावर. बिजासन उतरून पळासनेर मागे पडले की रस्ता सरळ होतो, अंगातला ताण सैल पडतो, आणि नेमकी ती वेळ पहाटेची असली की शरीर आपले येणे वसूल करते. चार वाजून दहा मिनिटांनी आबांची गाडी दुभाजकावर चढून आडवी झाली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून दुसरे कुणी सापडले नाही. आबांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. त्यांचे गाव तिथून पुढे तासाभराच्या आतच होते.

कागदावर कारण लिहिले गेले ते भरधाव वेगाने व निष्काळजीपणे वाहन चालवणे. जीपीएसवर शेवटचा वेग ताशी बावन्न किलोमीटर होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. ताशी बावन्न म्हणजे सेकंदाला साडेचौदा मीटर. चार सेकंद पापणी मिटली तर सोळा टन माल भरलेली गाडी अठ्ठावन्न मीटर जाते, आणि त्या अंतरात तिला चालवणारे कुणीच नसते. याला भरधाव कसे म्हणावे? पण दुसरा शब्दच उपलब्ध नव्हता. आपल्या देशात रस्ते अपघातांची जी वार्षिक आकडेवारी निघते, तिच्यात वाहतूक नियमभंगाचे रकाने ठरलेले आहेत: अतिवेग, मद्यपान, उलट्या दिशेने जाणे, लाल दिवा तोडणे, मोबाइलचा वापर, आणि मग इतर. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली, आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात गेले. झोपेला रकाना नाही. ज्याला रकाना नाही त्याचा बंदोबस्त होत नाही, हे रजिस्टरवर आयुष्य घालवलेल्या माणसाइतके कुणाला कळणार?

त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा आहे, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने ती दहा आणि चौपन्नपर्यंत नेता येई. सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती हवी. एका दिवसाचे काम संपणे आणि दुसऱ्या दिवसाचे सुरू होणे यांच्यामध्ये सलग नऊ तास हवेत. आठवड्यातून एक दिवस सुटी हवी, आणि जिथे कामगारांना रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली हवी. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याचे ९१ वे कलम ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवत होते. वाचताना मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले आणि मग राग आला. यातले एकही वाक्य इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर आले नव्हते. कुणी अधिकारी ते तपासायला आला नव्हता. कुठल्या ड्रायव्हरने त्याचे नाव घेतले नव्हते.

शिवाय हा कायदा लागू होई तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला. राज्य सरकारला तो त्याहून लहान व्यवसायांनाही लावता येई, पण मूळ रेषा पाचची होती. आबांच्या मालकाच्या दोन गाड्या होत्या. देशातले बहुतेक ट्रक अशाच एक-दोन-चार गाड्यांच्या मालकांचे आहेत. ज्यांच्यासाठी कायदा केला, त्यांतले बहुसंख्य त्याच्या उंबरठ्याबाहेरच उभे होते.

पण मला सर्वांत जास्त अडकवून ठेवले ते व्याख्येने. कामाचे तास म्हणजे काय, हे या कायद्याने सुरुवातीलाच सांगितले आहे: कामगार मालकाच्या, किंवा त्याची सेवा मागण्याचा हक्क असलेल्या इतर कोणाच्या दिमतीला असतो तो वेळ. किती चांगली व्याख्या आहे ही! "इतर कोणाच्या" या दोन शब्दांत आमचा कारखाना, आमचे गेट, आमची रांग, सगळे सामावले आहे असे मला वाटले. पुढे मात्र यात काय काय धरावे याची यादी आहे, आणि तिच्यात थांब्यावरची नुसती हजेरी येते ती पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तेव्हाच. पंधरा मिनिटांहून लांबलेल्या थांबण्याचे नाव त्या यादीत नाही. व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बस असावी, असा माझा समज आहे. एसटीची गाडी स्टँडवर लागते, दुसऱ्या फेरीला तासभर अवकाश असतो, ड्रायव्हर कँटीनमध्ये बसतो, आडवा होतो. तिथे हा नियम समजण्यासारखा आहे. पण नंबर जाऊ नये म्हणून तीन तासांत बारा वेळा गाडी सरकवणाऱ्या माणसाचे थांबणे ही कुठल्या अर्थाने विश्रांती? १९६१ पासूनचा आमच्या धंद्याचा व्यवहार त्या यादीवर चालत आला आणि मूळ व्याख्या तशीच पडून राहिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. आठ तासांचा दिवस तिथेही आहे. गेटबाहेरच्या तासांना तिथे काय नाव मिळते, याकडे माझे लक्ष लागून आहे.

इतर देशांनी हे कसे केले आहे ते पाहिले तर फरक तासांच्या आकड्यात फारसा नाही, मोजण्यात आहे. युरोपात दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटे थांबावे लागते, आणि गाडीतले टॅकोग्राफ नावाचे यंत्र ते सगळे नोंदवते. अमेरिकेत दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकरा तास चालवण्याची मुभा आहे, पण ते अकरा तास कामावर आल्यापासून चौदा तासांच्या आत संपवावे लागतात, आणि गोदामाच्या दारात ट्रक ताटकळला म्हणून ते चौदा तासांचे घड्याळ थांबत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत जो कायदा आहे, त्यात माल भरणे-उतरवणे हे कामातच धरले जाते, आणि ड्रायव्हरला अशक्य वेळ देणारा माल पाठवणारा, वेळापत्रक बनवणारा, माल भरणारा, हे सगळे जबाबदारीच्या साखळीत येतात. ते वाचताना माझा हात थांबला. वेळापत्रक बनवणारी तर मी होते. तिथल्या कायद्याने मला विचारले असते, की बाई, ही वजाबाकी तू केली होतीस का?

आपल्याकडे गाडीत एकच घड्याळ असे आहे ज्याला सगळे घाबरतात, आणि ते मालाचे आहे. जीएसटीचे ई-वे बिल, म्हणजे मालासोबत बाळगायचा वाहतुकीचा कागद, एप्रिल २०१८ पासून आले. २०१९ मध्ये दर शंभर किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत होती, म्हणजे आबांच्या मालाला भिवंडी गाठायला सरकारने सहा दिवस दिले होते. १ जानेवारी २०२१ पासून ती दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली, तरी आजही त्याच अंतराला तीन दिवस मिळतात. मालाच्या कागदाला तीन दिवस आणि माणसाला एक रात्र, ही तफावत कुठल्या सरकारी नियमाने आलेली नाही. ती माझ्यासारख्या टेबलांवरून येते.

मालकाची बाजू मला माहीत नाही असे नाही. हप्ता, डिझेल, टोल, टायर. गाडी जितकी उभी तितका तोटा. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी ताटकळत उभी राहिल्याचे, पैसे आमच्याकडून मागायला ते येत, आणि पहिले चोवीस तास फुकट, या करारातल्या ओळीवर बोट ठेवून आम्ही त्यांना परत पाठवत असू. ड्रायव्हरला पगार ट्रिपवर. त्याला झोपेचे पैसे कोणी देत नाही, उलट झोपेत डिझेल चोरीला गेले तर ते त्याच्या खर्चीतून कापतात. राष्ट्रीय परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत आणि मागे दुसऱ्याला झोपण्याची सोय असावी असा केंद्रीय नियम होता. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरांची ती सक्ती काढून टाकण्यात आली. ती असतानाही रस्त्यावर फारशी पाळली जात नव्हती हे मी पाहिले आहे. पण न पाळलेला नियम निदान मागता येतो. काढून टाकलेला मागताही येत नाही.

झोप किती महत्त्वाची, हे सांगायला विज्ञानाचा आधार घ्यायची गरज पडावी हे दुःखाचे आहे, तरी सांगते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्याकडे ड्रायव्हरसाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आबा पहाटे पाचला उठले होते. पाचात सतरा मिळवले की रात्रीचे दहा होतात. साडेदहाला मी त्यांच्या हाती कागद दिले. ते प्यायलेले असते तर गेटवरच्या रखवालदाराने गाडी अडवली असती आणि आम्ही मालकाला फोन केला असता.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाकडे वरून लक्ष गेले नाही असे म्हणता येणार नाही. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवले पाहिजेत असे जाहीरपणे मांडले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. केबिनमध्ये उन्हाळ्यात काय होते ते मी वर सांगितलेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिगृहांची घोषणा केली. त्याच्या महिनाभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, अपघात करून पळून जाण्याच्या नव्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या होत्या आणि इंदुरात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या होत्या. दोन दिवस आमच्या कॉलनीत त्याशिवाय दुसरा विषय नव्हता. रांगेत दोन तास उभे राहावे लागले म्हणून लोक चिडले होते.

विश्रांतिगृहे व्हावीतच. आपण इंदूरकर तर अहिल्याबाई होळकरांच्या गावचे. धर्मशाळा, विहिरी, घाट बांधणे हे राज्यकर्त्याचे काम आहे हे आपल्याला अडीचशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. आबांच्या त्याच रस्त्यावर अलीकडे खलघाटाजवळ त्यांचे महेश्वर आहे आणि पुढे चांदवडला त्यांचा रंगमहाल. पण यात्रेकरूला धर्मशाळेत कुणी विचारत नसे, की दोनच्या आत पोहोचशील ना. खाट रस्त्यावर असून भागत नाही, तिच्यावर पडायला वेळ कागदावरही असावा लागतो, आणि तो कागद कारखान्यात तयार होतो.

आबा तीन महिन्यांनी काठी घेऊन चालू लागले तेव्हा मी शिरपूरला त्यांच्या घरी गेले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "ताई, तुम्ही पडा म्हणाला होतात की." हे वाक्य त्यांनी मला बरे वाटावे म्हणून म्हटले, आणि त्याने मला बरे वाटले नाही. त्यांनी पुन्हा ट्रक चालवला नाही. क्लच दाबताना पाय साथ देत नाही म्हणाले.

परत आल्यावर मी दोन गोष्टी मागितल्या. एक, रांग बंद करून टोकन द्यावे आणि नंबर आला की रखवालदाराने जाऊन उठवावे. दुसरी, गेटबाहेरच्या शेडमध्ये बारा खाटा आणि दोन पंखे. टोकनला सहा महिने लागले, खाटांना वर्ष. पहिल्या आठवड्यात खाटा रिकाम्याच राहिल्या, कारण गाडी सोडून झोपले तर ताडपत्री आणि डिझेल कोण सांभाळणार. मग शेडसमोर दिवा लावला, गाड्या नजरेच्या टप्प्यात उभ्या करायला लावल्या, तेव्हा एकेक जण येऊन पडू लागला. हॉल्टिंगच्या पहिल्या चोवीस तासांची ओळ करारातून निघाली नाही. भिवंडीची वेळ मात्र गाडी बाहेर पडल्यापासून मोजायची, आणि मध्ये सहा तास सोडायचे, एवढे मान्य झाले.

रजिस्टरमध्ये मी पाचवा रकाना आखला: मागच्या चोवीस तासांत झोप किती. सुरुवातीला ड्रायव्हर "भरपूर" असे सांगत, कारण खरे सांगितले तर भाडे जाईल ही भीती. आकडा कमी असला तरी भाडे जात नाही, फक्त गाडी सहा तासांनी निघते, हे पटायला वेळ लागला. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी निघताना रजिस्टर उघडून पाहिले. एकतीस गाड्या लागल्या होत्या. नवांसमोर तास लिहिलेले होते, बाकीचे रकाने कोरे होते.